वैशाख पौर्णिमेचा भात

माझा धाकटा भाऊ साखरेनं गेला. आधी उजव्या पायाचा अंगठा काळा पडला, मग पाऊल काढावं लागलं, मग गुडघ्याखालचा सगळा पाय. दोन वर्षं माझी भावजय रोज सकाळी त्याची जखम धुऊन पट्टी बांधायची. परळच्या हॉस्पिटलात तो गेला तेव्हा ती रडली नाही. नर्सला एवढंच म्हणाली, "आणलेल्या पट्ट्या उरल्यात, कुणाला लागल्या तर द्या."

मी लग्न केलं नाही. सरकारी कचेरीत कारकुनी करून रिटायर झाले. भाऊ गेल्यावर आम्ही दोघी वरळीला एकत्र राहू लागलो, आधी बीडीडी चाळीतल्या माझ्या खोलीत आणि नंतर त्याच आवारात उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. तिची लेक लग्न होऊन करी रोडला असते.

तो गेला त्याच वर्षी माझाही रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कागदावर भात, चपाती, भाकरी, बटाटा, साखर असं एकाखाली एक लिहिलं आणि सगळ्यावर मिळून एक मोठी फुली मारली. भावजय बाजूला बसली होती. तिनं तो कागद घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. मला दिलाच नाही.

त्यानंतरचे आठ महिने तिनं मला सांभाळलं असंच म्हणायला हवं. सकाळी अंडी, दुपारी पालेभाजी नाहीतर दुधी, संध्याकाळी बांगडा. माझ्यासमोर ती स्वतःही भात खायची नाही. मला पहिले दोन महिने भाताची स्वप्नं पडायची, खोटं नाही सांगत. पण साखर उतरली. "असंच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले आणि त्या दिवशी लिफ्टमध्ये भावजय कितीतरी दिवसांनी हसली.

आमच्या विहारातली पंचवीस-तीस माणसं वैशाख पौर्णिमेसाठी श्रीलंकेला निघाली होती. मी आयुष्यात देशाबाहेर गेले नव्हते. गयेहून नेलेल्या फांदीचा बोधिवृक्ष तिथं आहे, तो एकदा डोळ्यांनी बघायचा, हे आईचं राहिलेलं. आम्ही दोघींनी नावं दिली. भावजयीनं आठवडाभर तयारी केली. शेंगदाणे, बदाम, भाजलेलं पनीर, आणि एका घट्ट झाकणाच्या डब्यात सुकटीची चटणी. म्हणाली, "ताई, हा डबा आहे तोवर तुम्हाला कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही."

पण विमानतळावरच आमच्या ग्रुपच्या रिटायर मास्तरांनी सांगितलं, की पौर्णिमा होईपर्यंत सगळ्यांनी शाकाहार पाळायचा. अंडंसुद्धा नाही. सगळ्यांनी हात जोडून होकार दिला. मीही दिला. डबा बॅगेच्या तळाशी गेला. पनीर दुसऱ्या दिवशीच आंबलं.

मग सुरू झाली ती उपासमार. तिथं सकाळी भात, दुपारी भात, रात्री तांदळाच्या शेवयांच्या चकत्या. मी वाटीभर आमटी आणि नारळ घातलेली पाल्याची भाजी घेऊन बसायची. चार दिवसांत शेंगदाणे संपले. उन्हात अनवाणी चालून चालून डोकं हलकं व्हायचं. बोधिवृक्षासमोर सगळे डोळे मिटून बसले होते, बायकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी मात्र दुपारी काय मिळेल याचा विचार करत होते. आईची आठवणसुद्धा काढली नाही. बसमध्ये परत चढताना ते लक्षात आलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली की मी खिडकीकडे तोंड करून बसले. "काय झालं?" भावजयीनं विचारलं. "ऊन लागलं," म्हटलं.

पौर्णिमेच्या दिवशी तिथं रस्त्यावर मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. दानसल म्हणतात त्याला. माणसं झेंडे हलवत गाड्या थांबवतात, हाताला धरून खाली उतरवतात. आमची बस सकाळपासून तीनदा थांबली. एकीकडे सरबत, एकीकडे उकडलेले कंद, एकीकडे आइस्क्रीम. मी तिन्ही वेळा बसमध्येच बसून राहिले.

चौथा मांडव एका छोट्या गावात होता. ड्रायव्हर म्हणाला, इथं सगळ्यांनी उतरा, नाहीतर त्यांना वाईट वाटेल. उतरले. पांढरं नेसलेली एक म्हातारी रांगेच्या टोकाशी उभी होती. ती प्रत्येकाच्या हातात ताट देत होती आणि देताना स्वतःच वाकत होती. माझ्यापुढे ताट आलं. भात, वर डाळ, फणसाची भाजी. मी मान हलवली, हात जोडले. तिला कळलं नाही. तिनं ताट आणखी पुढे केलं. मी एक पाऊल मागे सरले.

तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिनं ताटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि उजवा हात साडीला पुसला.

माझी आई रत्नागिरीकडच्या गावातली. लहानपणी तिच्या हातचं कुणी पाणी घेत नसे आणि तिला द्यायचं ते वरून टाकत. एकदा तिनं वाडीतल्या बाईला पडलेली घागर उचलून दिली, तर त्या बाईनं ती तिच्यादेखत राखेनं घासली. हे आईनं मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना तिनं असाच हात पदराला पुसला होता.

मी ताट घेतलं. मांडवातल्या बाकावर बसून सगळं जेवले, शितन् शीत. म्हातारी लांबून बघत होती. भावजय समोर बसली होती.

इथंच संपलं असतं तर आज मी हे मान वर करून सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात सकाळी नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या वड्या होत्या. भावजय वर खोलीत बॅगा भरत होती. मी दोन खाल्ल्या. मग अजून दोन. दुपारी मातीच्या बोळक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर ताडाच्या गुळाचा पाक. ग्रुपमधली एक बाई म्हणाली, "तुम्हाला चालतं?" मी म्हटलं, "आज एक दिवस चालतं." उरलेले तीन दिवस मी असंच खाल्लं. पौर्णिमा सरल्यावर मास्तरांनी सगळ्यांचा शाकाहार सोडवला होता, सुकटीचा डबा मोकळा झाला होता, अंडी समोर मांडलेली असायची. तरी मी भाताच्या पातेल्याकडेच जायची. भूक नव्हती. आठ महिने अडवून धरलेलं काहीतरी सुटलं होतं आणि मला ते परत धरायचंच नव्हतं.

शेवटच्या सकाळी भावजय मागून आली तेव्हा माझ्या ताटात सगळं पांढरंच होतं. ती समोरची खुर्ची ओढून बसली.

"किती दिवस चाललंय हे?"

"अगं, आजच—"

"ताई, खोटं नको. परवा तुमच्या रुमालाला गुळाचा पाक होता."

मी ताट स्वतःकडे ओढलं.

"त्या मांडवात मी बोलले नाही," ती म्हणाली. "त्या म्हातारीला नाही म्हणणं मलाही जमलं नसतं. आज कोण वाढतंय तुम्हाला? तुम्ही स्वतः उठून घेऊन आलात."

"घरी गेल्यावर परत सुरू करते ना."

"हेही असंच म्हणायचे. गणपतीनंतर करतो, दिवाळीनंतर करतो." तिचा आवाज चढला नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली. "मी दोन वर्षं तो पाय धुतला. अजून हाताला वास येतो माझ्या. परत एकदा मी नाही करणार. तुमचासुद्धा नाही."

ती उठून गेली. मला वाटलं मागोमाग जावं. मी ताट संपवलं. हे लिहायला जड जातंय, पण मी ताट संपवलं.

मुंबईत आल्यावर मी आठवडाभर पथ्य पाळलं. मग विहारात कुणीतरी गेल्यानंतरचं पुण्यानुमोदनाचं जेवण होतं, मग कुणाचा तरी साखरपुडा. नंतर कारण लागेनासं झालं. भावजय माझी भाजी करून झाकून ठेवायची आणि मी खाली जाऊन वडापाव खाऊन यायची. तीन महिन्यांनी रिपोर्ट काढला तो पहिल्यापेक्षा वाईट होता. डॉक्टर रागावले नाहीत. इन्सुलिन लिहून दिलं आणि डोळे तपासून घ्या म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके असल्याचं सांगितलं. या वेळी कागद माझ्या हातात दिला गेला. भावजय दाराबाहेर बसून राहिली होती.

घरी येताना टॅक्सीत ती म्हणाली, "लेकीला सातवा लागलाय. मी तिच्याकडे जाते."

"किती दिवस?"

"बघू."

तिनं जाताना फ्रिजमध्ये अंडी भरून ठेवली, भाज्या निवडून डबे लावले. लिफ्टशी सोडायला गेले तर म्हणाली, "आत जा ताई, दार उघडं आहे." बाळ आता चार महिन्यांचं झालं. ती परत आलेली नाही. मी बोलवलंही नाही, कारण काय तोंडानं बोलवू?

पोटात सुई टोचायला मला खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईनं शिकवलं. सुईची भीती गेली. तळपायाला मात्र हल्ली मुंग्या येतात, आणि परवा चप्पल पायातून निघाली ते मला चार पावलं गेल्यावर कळलं. ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी एकच्या सुमारास तिचा फोन येतो, रोज.

"जेवलात?"

"हो."

"काय केलं होतं?"

"दुधी," मी सांगते. मागे बाळ रडत असतं. ती लगेच फोन ठेवत नाही. मग म्हणते, "बरं. सुई घेतली ना?" घेतली म्हणते मी, आणि ती बाळाला घ्यायला जाते.