आबांच्या नावावर टाकलेली मगर

आमच्या सोसायटीच्या मागे एक गावतळं होतं. सुरतेतली लिंबायतची भाड्याची खोली सोडून आम्ही गोडादऱ्याच्या पुढे स्वतःच्या घरात राहायला आलो, तेव्हा त्या बाजूला अजून उसाचे थोडे तुकडे शिल्लक होते. घर दाखवताना बिल्डरच्या माणसानं तळ्याचं कौतुक केलं. तळ्यातल्या मगरीबद्दल तो काही बोलला नाही. ती मात्र आमच्या कितीतरी आधीपासून तिथं होती. पलीकडच्या जुन्या गावातल्या बायका एकाच घाटावर कपडे धुवायच्या आणि समोरचा बाभळींचा काठ त्यांनी तिला सोडून दिलेला होता. मधूनमधून मान वर करून त्या काठाकडं बघायच्या. ती उन्हात पडलेली दिसली की धुणं चालू, दिसली नाही की पाय पाण्याबाहेर. कुणी तिला नमस्कार करत नव्हतं आणि कुणी दगडही मारत नव्हतं.

हे मला आबांनी दाखवलं. आबा म्हणजे माझे सासरे. खानदेशातून तरुणपणी सुरतेला आले आणि म्हातारे होईपर्यंत लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, उभे राहिले. त्या खडखडाटानं त्यांचे कान गेले. अगदी जवळ जाऊन मोठ्यानं बोललं तर त्यांना ऐकू यायचं, नाहीतर ते आपल्या ओठांकडं बघत राहायचे. माझं माहेर जालन्याकडचं. लग्न होऊन आले तेव्हा या घरातली अहिराणी मला निम्मी कळायची नाही, आणि आबांना माझं बोलणं ऐकू यायचं नाही. त्यामुळे आमचं दोघांचं पहिल्यापासून बरं जमलं. फारसं बोलावं लागत नव्हतं.

नव्या घरात आल्यावर आबा रोज सकाळी तळ्यावर जायला लागले. घाटाच्या वरच्या अंगाला एक कठडा होता, त्यावर बसायचे. मी साड्यांना लेस शिवायचं काम घरी करते. मशीन मागच्या खिडकीपाशी आहे, तिथून ते मला दिसायचे. एकदा चहा घेऊन गेले तर म्हणाले, "दखी ऱ्हायनी का? तोंड उघडं टाकीसन पडेल शे." मी घाबरून मागं सरले. ते हसले. "ती काय खावाले उठनी नही. उन्हामा अशीच पडस." मग त्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि सांगितलं की याच्या खाली कधी उतरायचं नाही. तिच्या काठावर तिनं राहायचं, आपल्या काठावर आपण. त्यांच्या लहानपणी तापीच्या काठी त्यांच्या गावात असंच चालायचं म्हणे.

सोसायटी भरत गेली तशी तळ्यावर गर्दी व्हायला लागली. रविवारी लोक मुलाबाळांना घेऊन यायचे. पर्वत पाटियाकडून पाहुणे यायचे, त्यांनाही मगर दाखवायची असायची. आणि ती नुसती पडून राहिली की लोकांना चालायचं नाही. मग कुणीतरी चिकनच्या दुकानातला कचरा पिशवीत भरून आणला आणि पाण्यात फेकला. ती उसळून आली, सगळ्यांनी मोबाईल वर धरले. त्यानंतर दर रविवारी पिशव्या यायला लागल्या. काही दिवसांनी घाटावर माणसं जमली की ती स्वतःहूनच अलीकडं यायला लागली. जुन्या गावातल्या बायकांनी धुणं बंद केलं.

आबा उठून लोकांना सांगायचे. हात जोडून सांगायचे. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा निघतो, त्यामुळे लोकांना वाटायचं भांडतोय. कुणी हसायचं, कुणी पिशवी मागं लपवायचं आणि आबा वळले की फेकायचं. सोसायटीच्या प्रमुखांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते सभ्य गृहस्थ, कापड बाजारात दुकान. म्हणाले, "बहेन, लोकांना थोडा आनंद मिळतो. काय बिघडतं?"

उन्हाळा लागला आणि ती पुन्हा बाभळींच्या काठाला गेली. आता पिशव्या फेकल्या तरी यायची नाही. एका सकाळी आबांनी मला खुणेनं बोलावलं आणि समोर बोट दाखवलं. काठाच्या थोडं वर माती उकरून परत दाबल्यासारखी दिसत होती आणि ती तिच्या खालीच पाण्यात अर्धी बुडून पडली होती.

"अंडा घाल्यात," आबा म्हणाले. "आते ती कोणलेबी जवळ येऊ देवाव नही."

बाभळीच्या काठाकडं जायला एक पायवाट होती. आबांनी दुपारभर काट्याच्या फांद्या ओढून ती वाट बंद केली. त्यांचे हात रक्ताळले होते. संध्याकाळी नवरा कामावरून आला, हात बघितले आणि माझ्यावर चिडला. तो एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सोसायटीत मराठी घरं मोजकीच, म्हणून सगळ्यांशी नीट राहायचं हे त्याचं पहिल्यापासूनचं. "तू त्यांना अडवत का नाहीस? लोक काय म्हणतील, तळं काय आपल्या बापाचं आहे?"

मी म्हटलं, "तुमच्या वडिलांना तुम्हीच सांगा."

त्यानं सांगितलं नाही. त्यानं आबांशी मोठ्यानं बोलणंच सोडलं होतं. शेजाऱ्यांना ऐकू जातं म्हणून.

पुढच्या रविवारी प्रमुखांचा मेहुणा पाहुणा आला. त्याला मगर जवळून हवी होती. दोन-तीन जणांनी मिळून काट्या बाजूला केल्या. आबांनी कठड्यावरून ओरडायला सुरुवात केली, तो आवाज ऐकून मी खिडकीत आले. मेहुणा एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात कोंबडीचा पाय बांधलेली काठी घेऊन उकरलेल्या मातीपर्यंत गेला होता. तिनं आधी फुत्कार टाकला, तो मला इतक्या लांबून ऐकू आला. माणूस हसला आणि आणखी पुढं सरकला. मग ती बाहेर आली. काय झालं ते नीट दिसलं नाही, इतकं पटकन झालं. तो खाली पडला होता, तिच्या तोंडात त्याची पोटरी होती, आणि बाकीचे मागं पळत होते. तिनं त्याला पाण्यात ओढलं नाही. सोडून दिलं आणि परत जाऊन मातीसमोर उभी राहिली. खायचं असतं तर तिनं सोडलं नसतं, हे मी त्या दिवसापासून सांगते आहे. अजून कुणी ऐकून घेतलेलं नाही.

त्या माणसाचा पाय वाचला. आता थोडा लंगडतो.

त्याला दवाखान्यात नेलं आणि मागं राहिलेली माणसं तळ्यावर जमली. जंगल खात्याला फोन केला होता, गाडी निघाली होती. कुणाला थांबायचं नव्हतं. कुठून तरी मासे धरायचं जाळं आलं, ट्रॅक्टरचा दोर आला, बांधकामावरच्या सळया आल्या. ती पळू शकली असती. पाणी तिच्यामागंच होतं. पण ती मातीसमोरून हलली नाही, म्हणून जाळ्यात सापडली. मी गच्चीवर गेले होते. दोराच्या टोकाला आमच्याच गल्लीतले सात-आठ पुरुष होते. त्यांत माझा नवरा होता.

आबा कठड्याशी उभे होते. ओरडायचे थांबले होते. त्यांनी आपल्या मुलाला दोर ओढताना बघितलं, हे मला वरून स्वच्छ दिसत होतं.

गाडी आली तेव्हा ती मेलेली होती. अधिकाऱ्यानं विचारलं, कुणी मारली? सगळ्यांनी सांगितलं, जाळ्यात अडकून आपोआप मेली. त्यानं काट्यांकडं बोट केलं, या कुणी टाकल्या? आबांनी ओठांवरून ओळखलं आणि पुढं झाले. "मी टाक्या." मग तो आबांना काही विचारणार, एवढ्यात माझा नवरा मध्ये आला. म्हणाला, "साहेब, वडिलांना ऐकू येत नाही. त्यांना काही कळत नाही."

मी खाली पोहोचले होते. दुसरं वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. आबांनी ते त्याच्या ओठांवर वाचलं.

तरीही आबांनी त्या अधिकाऱ्याला मातीकडं नेलं, खाली अंडी आहेत असं हातांनी दाखवलं. मी सगळं नीट सांगितलं. त्यानं मान हलवली, माणसं पाठवतो म्हणाला. आम्ही वाट बघितली. कुणी आलं नाही.

सोसायटीत मात्र आबांचा एक व्हिडिओ फिरला. कठड्यावर बसलेले आबा, समोर मगर. कुणीतरी केव्हा तरी काढला होता. खाली लिहिलं होतं, "आ काकानो ज मगर छे." मगर या काकांचीच आहे. मंदिराच्या ओट्यावर मिटिंग झाली. प्रमुख म्हणाले, म्हातारा रोज तिच्यासमोर बसायचा, म्हणून तिला माणसांची सवय झाली. दुसरा म्हणाला, काट्या लावून तिला पाळलीच होती. ज्यांनी रविवारी पिशव्या आणल्या होत्या, ते सगळे तिथं मांडी घालून बसले होते. ओट्यामागच्या गाभाऱ्यात खोडियार माता होती, मगरीवर बसलेली. तिला त्या दिवशीही हार होता.

मी उभी राहून पिशव्यांचं बोलणार होते. नवऱ्यानं माझा हात दाबला आणि स्वतः उठला. हात जोडले. "वडिलांकडून चूक झाली. सगळ्यांची माफी मागतो. यापुढे ते तळ्यावर जाणार नाहीत."

घरी आल्यावर मी विचारलं, "कोणती चूक झाली त्यांच्याकडून?"

"आपण इथं बाहेरचे आहोत," तो म्हणाला. "तुला इथं राहायचंय की नाही?"

आबा तळ्यावर गेले. एकदाच. वैशाखातली सकाळ होती, नवरा कामाला गेल्यावर त्यांनी मला चप्पल घालायची खूण केली. काट्या पडल्या होत्या त्या वाटेनं आम्ही त्या मातीपर्यंत गेलो. त्यांनी खाली बसून जमिनीवर हात ठेवला आणि माझ्या कानाला हात लावला. ऐक.

मी जमिनीला कान लावला. आतून आवाज येत होता, बारीक, तुटक, कुणीतरी तोंडातल्या तोंडात कण्हल्यासारखा. मी मान हलवली. आबांना तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. आई असती तर तिनं त्या आवाजावर माती उकरली असती, त्यांनी सांगितलं. मग आम्ही दोघांनी हातांनी उकरली. माती दगडासारखी झाली होती, मेलेली मगर उचलायला आणलेला ट्रॅक्टर तिच्यावरून गेला होता. बरीच अंडी चेपलेली होती. जी बरी होती त्यांतली काही फुटत होती. वीतभर लांबीची, पिवळट, काळ्या पट्ट्यांची पिल्लं बाहेर आली आणि आमच्याकडं न बघता उताराला लागून पाण्यात गेली. आबा एकाही पिल्लाला उचलायला वाकले नाहीत. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "माय नही त्यास्नी. किती जगतीन." आणि घराकडं वळले.

पिल्लांचं मी नवऱ्याला सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी डंपर यायला लागले, पाडलेल्या बांधकामांचा राडारोडा घेऊन. तळ्याचा बाभळीकडचा काठ आधी बुजला. जुन्या गावातल्या दोन बायका एकदा येऊन बघून गेल्या. आता तिथं सपाट जागा आहे, पत्र्याचं कुंपण आहे, आणि आत काय होणार याच्यावर रोज नवी चर्चा आहे.

आबा त्याआधीच गेले, लिंबायतला, माझ्या नणंदेकडं. जाताना भांडण नाही, काही नाही. पिशवीत कपडे भरले आणि रिक्षा बोलवायला सांगितली. मुलगा दारात उभा होता. त्यानं बरंच काही म्हटलं. आबांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही, आणि त्यांच्याशी बोलायचं तर त्यांनी तोंडाकडं बघायला हवं.

नणंदेची खोली लहान आहे, खाली लूम चालतात. आबांना त्याचा त्रास नाही. मी दर आठवड्याला जाते. ते घरातल्या सगळ्यांची चौकशी करतात, मुलाची करत नाहीत.

परवा नवरा जेवताना म्हणाला, "आता सगळं शांत झालंय. लोक विसरलेत. आबांना घेऊन ये."

मी म्हटलं, "तुम्ही जा. तुम्ही आणा."

त्यानं ताटातला भात संपवला, हात धुतले आणि टीव्ही लावला. अजून गेलेला नाही.