फांदीआधीची हाळी

"नाय. आमच्या घरात कोणाच्या डोक्याला मार लागलेला नाय," असं मी सांगितलं आणि कागदावर सही केली. अंगठा मी कुठंच देत नाही. चौथी शिकलोय, सही पुरी करतो, आडनावासकट. त्या खोट्या उत्तराखाली माझी सही किती नीट आली होती ते अजून डोळ्यांपुढं आहे.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. उघडी घरं एकोणीस, बाकीची कुलपात, माणसं मुंबईला. समोर आंबेनळीच्या घाटातून चढणाऱ्या गाड्या दिसतात. गेल्या साली भात झोडून झालं होतं तेव्हा महाडहून एक तरुण डॉक्टरीण आली. बरोबर आमच्याच वाडीची एक सून होती, आशाताईचं काम करते ती. सर्वे आहे म्हणाल्या. वाडीत कुणी साहेब आला की पहिला माझ्या ओटीवर बसतो. तो माझा मान आहे.

सर्वे आम्हाला नवीन नाहीत. कधी मच्छरांचा, कधी संडासाचा. पण ह्या बाईनं विचारलं ते निराळंच होतं. वर्षभरात घरात कुणाच्या डोक्याला मार लागला का? रक्त आलं नसलं तरी चालेल. अंधारी आली, उलटी झाली, थोडा वेळ काही आठवेना, एवढंच झालं असलं तरी सांगा.

मी म्हटलं, "रक्त नाय तर मार कसला?"

"तेच तर, आजोबा. डोकं फुटलेला माणूस दवाखान्यात येतो, त्याची नोंद होते. हलका मार लागलेला घरीच राहतो. असे किती आहेत, कशानं लागतं, कुणाला जास्त लागतं, हे कुणी मोजलेलंच नाही. म्हणून दारोदार फिरतेय."

आत माझी बायको डोक्याला फडकं बांधून चुलीपाशी बसली होती. मधे कुडाची एक भिंत. तिला सगळं ऐकू गेलं. तरी मी नाय म्हणालो.

आता खरं सांगतो.

माघ महिन्यात आम्ही कवळ तोडतो. म्हणजे ऐनाच्या झाडावर चढून फांद्या उतरवायच्या, वाळवायच्या आणि भाताचं रोप टाकायच्या जागेवर भाजायच्या. वर एक माणूस, खाली भारे बांधायला एक. शेवटचा घाव घालायच्या आधी वरच्यानं हाळी द्यायची, खालच्यानं बाजूला होऊन ओ द्यायची, मगच फांदी सोडायची. बापानं हे मला पहिल्या दिवशी शिकवलं. पन्नास वर्षांत माझी हाळी कधी चुकली नाही.

त्या सालच्या माघात एक दिवस घरातून निघतानाच बायको मागं लागली होती. "अवो, आता काय झाडावर चढायचं वय हाय? पुतण्याला सांगा."

"तुझ्या बापानं कधी कवळ तोडलीय काय? मला शिकवतेस!"

झाडावर चढलो तरी खालून तिचं चालूच. पाय कापतायत तुमचे, उतरा. पाय कापत होते, म्हणूनच राग आला. मी बोलायचं बंद केलं. आणि ज्या माणसाशी बोलायचं नाही असं ठरवलं त्याला हाळी तरी कशी देणार? माझी अक्कल ती एवढी. कोयता मारला. मनगटाएवढी फांदी गेली, तिचं बूड बायकोच्या डोक्यावर बसलं.

ती मटकन खाली बसली. रडली नाही, ओरडली नाही. मी उतरून केस बाजूला करून बघितलं. रक्त नव्हतं. माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला, "तूच मधी आलीस."

ती म्हणाली, "आपण हितं कशाला आलो?"

सांगितलं. थोड्या वेळानं परत तेच विचारलं. वाटेत पऱ्ह्याच्या पाण्याशी उलटी झाली. मी तिचा भारा अर्धा केला. अर्धा. तो तिनं त्याच डोक्यावर घरी आणला.

मग ती दिवसा झोपायला लागली. टीव्हीचा आवाज लागला की कान धरायची. उन्हात आली की डोळे मिटायची. भाजीत मीठ दोनदा, नाहीतर नाहीच. जिनं पन्नास वर्षं भारे बांधले तिची गाठ सुटायला लागली. मी म्हणायचो, नाटक करते. मुंबईहून मुलानं फोनवर विचारलं, आई कशी हाय, तर मी सांगितलं, एकदम टकाटक. गावकीच्या बैठकीत तर सगळ्यांदेखत बोललो, "आमच्या म्हातारीला कामाचा कंटाळा आलाय. डोकं धरून बसली म्हणजे झालं." माणसं हसली. ती चहाचे कप घेऊन आली होती, तीही थोडी हसली. ते हसणं मला आठवतं तेव्हा जेवण जात नाही.

तर अशा घरात मी नाय म्हणून सही केली. बायकोचं काय व्हायचं ते होवो, वाडीतल्या सगळ्यांत जाणत्या माणसानं हाळी न देता फांदी टाकली हे कागदावर येता कामा नये, एवढंच माझ्या मनात होतं.

पंधरा दिवसांनी आशाताई एकटी आली. तोंड फुगलेलं.

"आबा, डॉक्टरीण मला बोलली. एकोणीस घरं, आणि एक पण डोकं आपटलं नाय? तुमच्या वाडीत माणसं हायत का नारळ, असं इचारलं."

"मग बरंच हाय की."

"कसलं बरं! तुमच्या घरातून निघाले तशी दर दारात माणसांनी मला पहिलं काय इचारलं? आबा काय म्हणाले? नाय म्हणाले, असं सांगितलं. मग ती माणसं पण नाय म्हणाली. तुमच्यापुढं हाय कोण म्हणणार?"

लपवत नाही, ते ऐकून आधी मला बरंच वाटलं. आपला शब्द अजून चालतो. ती गेल्यावर ओटीवर बसून राहिलो तेव्हा हळूहळू उमगलं, की मी फक्त माझं घर खोटं केलं नव्हतं. अख्खी वाडी खोटी केली होती.

पुढच्या सोमवारी डॉक्टरीण परत आली. ह्या वेळी देवळाच्या पडवीत सगळ्यांना बसवलं. "आज ज्याचं उत्तर त्यानंच द्यायचं. एकाचं दुसऱ्यानं नाही. आजोबा, तुम्हीसुद्धा नाही." लोक हसले. मी खांबाला टेकून बसलो.

पहिला माझा पुतण्या बोलला. घाटातल्या वळणावर मोटारसायकल घसरली होती, हेल्मेट आरशाला अडकवलेलं.

"आरशाचं डोकं वाचलं म्हणजे," कोणीतरी बोललं.

शेजारची सून म्हणाली, गोठ्याची चौकट लागली, दोन दिवस आकडे लक्षात राहात नव्हते. एकजण मुंबईत बांधकामावर असताना परांचीवरून पडलेला. बोलायच्या आधी प्रत्येकजण एकदा माझ्याकडं बघत होता. मी मान खाली घातली तेव्हा ते बघायचं थांबलं.

मग बायकोची पाळी.

"कितीदा लागलं, आजी?"

"तीन येळा."

मला एकच ठाऊक होती. ती सांगत गेली. पावसात चक्कर येऊन पायरीवर पडली. गणपतीनंतर परत, माळ्याच्या शिडीवरून. एका घरात राहतो, एका ताटातलं खातो, आणि मला पत्ता नाही.

"घरात सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? नाटक म्हणतात."

कोण म्हणतात ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज कुणाला नव्हती.

"आणि पहिला मार कशानं?"

तिनं पदर सारखा केला. "झाडाखाली होते. फांदी पडली. वारा सुटलेला."

डॉक्टरीण लिहायला लागली. मी गप्प बसलो असतो तर ते तसंच लिहिलं गेलं असतं. बायकोनं मला सोडवलं होतं, सगळ्यांसमोर, नीट विचार करून. तिचं डोकं एवढं चालत होतं आणि मी त्याला बिघडलं म्हणत होतो.

"वारा नव्हता," मी म्हणालो.

"तुमी गप बसा," बायको म्हणाली. "एकाचं दुसऱ्यानं सांगायचं नाय म्हणाल्यात ना त्या?"

"हे माझंच हाय. फांदी मी तोडली. हाळी दिली नाय."

पडवीत कोणी हसलं नाही. पुतण्यानं मान फिरवली. त्याला हाळी द्यायला मीच शिकवलं होतं.

नंतर तिला एस.टी.नं महाडला नेलं, तपासलं. डॉक्टरीण म्हणाली, पहिल्या माराला विश्रांती मिळाली असती तर पुढचे दोन कदाचित टळले असते. कदाचित, असंच म्हणाली. त्या एका शब्दावर मी टेकू शकलो असतो, पण टेकलो नाही. चक्कर आता कमी आहे. मिठाचं अजून चुकतं. मी खातो.

पडवीतलं एक सांगायचं राहिलं. डॉक्टरीण निघताना मी तिला बायकोचा कागद वाचून दाखवायला लावला. कारण काय, तर 'झाडाची तोडलेली फांदी पडून'. मी विचारलं, आणि हाळीचं?

"त्याला इथं रकाना नाही, आजोबा."

म्हणून ते इथं लिहिलंय. खाली सहीही केली असती, पण त्या खोट्या सहीनंतर हात पुढं होत नाही.