अप्पांनी बंगळूरची परीक्षा घेतली

नोकरीच्या निमित्तानं माझं फिरणं पुष्कळ झालं. त्यामुळे ओळखीपाळखीचं कुणी परगावी निघालं की मला फोन येतो. चेन्नईला दोन दिवस आहेत, काय बघू? अहमदाबादला कुठं जेवू? मी सांगते ते सहसा कुणाला पटत नाही. लोकांना हवा असतो किल्ला, राजवाडा, साड्यांचं दुकान. मी म्हणते, पहिल्या दिवशी यातलं काहीच बघू नका. समोर येईल त्या सिटी बसमध्ये बसा आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत जा. पलीकडचं माणूस "बरं बरं" म्हणून फोन ठेवतं. ठेवा बापडे.

हे शहाणपण माझं नाही, अप्पांचं. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमचं घराणं मूळचं कर्नाटक सीमेकडचं, घरात अर्धं मराठी, अर्धं कानडी, आईला आम्ही अव्वा म्हणायचो. पण अप्पांचा जन्म गेला कोल्हापुरात, मोटार वाइंडिंगच्या दुकानात. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की शेतकरी ती घेऊन यायचा आणि अप्पा जुनी तार उपसून नवी भरून द्यायचे. तांब्याची तार आणि सुटे भाग आणायला त्यांना मोठ्या शहरांत जावं लागे. शाळेला सुट्टी असली तर ते मलाही बरोबर न्यायचे. हुबळी, पुणे, सुरत, हैदराबाद, सगळी मी अशी तांब्याच्या तारेमागून बघितली.

काम आटोपलं की अप्पा शहर बघायला निघत. "शहराचं तोंड काय, सगळ्यास्नी दाखवाय रंगवून ठेवलेलं असतंय," ते म्हणायचे. "आपुन पाठ बघायची." म्हणून शेवटचा स्टॉप. तिथं वाळत घातलेले कपडे, अर्धवट बांधलेली घरं, नळावरची भांडणं, म्हणजे खरं गाव असायचं. सकाळी मंडईत जायचं, भाजी घ्यायची नाही, नुसतं उभं राहायचं आणि भाजीवाली कोथिंबिरीची काडी हसून टाकते की नाक मुरडून, ते बघायचं. जेवायचं ते ट्रक ड्रायव्हर जेवतात तिथं. आणि वाट चुकलीच तर मध्येच उतरून घाबरंघुबरं व्हायचं नाही, बसून राहायचं. गाडी कुठं ना कुठं थांबतेच आणि तिथून माघारी वळते.

पण या सगळ्याच्या वर एक परीक्षा होती, आणि ती मात्र पक्की कोल्हापुरी होती. अप्पा शहरात शिरले की कुणाला तरी रस्ता विचारत. माहीत असला तरी विचारत. समोरचा काय सांगतो याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. तो उठतो की नाही, एवढंच ते बघत.

आमच्याकडं त्या काळी रस्ता सांगायची पद्धत नव्हती, दाखवायची होती. पत्ता विचारणाऱ्या माणसाला बसल्या जागेवरून हात करून वाट सांगणं म्हणजे त्याला हाकलून देणं. "चला पावणं, दावतो की," म्हणून माणूस हातातलं काम टाकून उठायचा. आमच्या पेठेतला एक गृहस्थ तर न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या गालाला साबण घेऊन उठलेला मी स्वतः पाहिला आहे. पाहुण्यांना घराच्या दारात उभं करून, वर त्यांच्याकडं चहा पिऊन, तो वाळक्या साबणासकट परत आला. अप्पाही असेच. अर्धी भरलेली मोटार तशीच टाकून मुरगूडच्या नाहीतर चंदगडच्या कुणा अनोळखी माणसाबरोबर निघून जायचे आणि गिऱ्हाईक दुकानात बोंबलत बसायचं. त्यातली गंमत अशी की पत्ता माहीत नसला तरी जायचे. "मला माहीत नाही" हे वाक्य त्या पिढीतल्या कोल्हापूरकराच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

या परीक्षेत सुरत पहिल्या वर्गात पास झालं होतं. हैदराबादनं तर आम्हाला जेवायला घातलं होतं. पुण्याबद्दल मी काही बोलत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झाला आणि मला बंगळूरच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. मला ती हवी होती. इतकी हवी होती की ते पत्र आल्यापासून मला जेवण जात नव्हतं. पण आमच्या घरातली कुठली मुलगी लग्नाआधी एकटी परगावी राहिली नव्हती. अप्पांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, ऐकल्या ऐकल्या हातकणंगल्याहून तडक येऊन थडकली. "पोरगी हाय का पार्सल, बंगळूरला पाठवाय?" तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. "आनि काय झालं तर त्वांड कुठं दाखवशील? लोकास्नी काय सांगशील?"

अप्पांनी एकच सांगितलं, "आधी शहर बघतो, मग ठरवतो." आणि त्यांनी परतीची दोन तिकिटं काढून ठेवली. माझं पुढचं सगळं आयुष्य बंगळूरच्या माणसांच्या उठण्याबसण्यावर येऊन ठेपलं होतं, आणि बिचाऱ्या बंगळूरला याचा पत्ताही नव्हता.

आम्ही पोचलो आणि परीक्षा सुरू झाली. शेवटचा स्टॉप झाला, तिथली गुलमोहराची झाडं अप्पांना आवडली. मंडई झाली, फुलांचे ढीग बघून तर ते खूशच झाले. मी कामाला जाणार त्या कंपनीचं फाटक बघितलं, बायकांचं होस्टेल बघितलं, तिथल्या बाईंशी अप्पा आमच्या सीमेकडच्या रांगड्या कानडीत बोलले आणि त्या हसू दाबत उत्तरं देत राहिल्या. सगळं बरं चाललं होतं. पण अप्पा रस्ता विचारत होते आणि कुणीही उठत नव्हतं. माणसं गोड बोलायची, नीट सांगायची, सरळ जा, डावीकडं वळा, सिग्नलला विचारा. पानवाला, शिपाई, बँकेतला कारकून, सगळे जागेवरून हात करायचे.

"माणसं ग्वाड हायत," दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा म्हणाले, "पर बूड हलत न्हाई कुणाचं."

माझा संयम सुटला. "अप्पा, त्यांना कामं असतात. शहर आहे हे. प्रत्येक माणूस उठून चालायला लागला तर कारखाने कोण चालवणार?"

"मग हितं तुला काय झालं तर कोन उठनार?" अप्पांनी विचारलं. ते चिडून बोलले असते तर मी भांडले असते. पण ते काकुळतीनं बोलले. आपण परत जाणार हे मला त्या क्षणी कळून चुकलं.

आम्ही मॅजेस्टिकच्या बसस्टँडजवळ एका कॉफीच्या गाड्यावर उभे होतो. तेवढ्यात एक म्हातारा आणि म्हातारी समोर आले. विजापूरकडचे असावेत, म्हातारा धोतरात, म्हातारीच्या एका डोळ्यावर पट्टी, हातात गाठोडं. त्यांची कानडी बंगळूरच्या माणसांना समजेना म्हणून बहुतेक ते बराच वेळ भटकत होते. अप्पांची कानडी त्यांनी ऐकली असावी, कारण म्हातारा सरळ त्यांच्याकडंच आला. डोळ्यांचा मोठा दवाखाना कुठं आहे?

कोल्हापूरच्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाच्याही हातून झाली नसती अशी चूक अप्पांनी तिथं केली. ज्या शहरात आपण कालच आलो आहोत, तिथला एक रस्ताही आपल्याला धड माहीत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. कॉफीचा ग्लास खाली ठेवून त्यांनी म्हातारीच्या हातातलं गाठोडं घेतलं. "चला की." मला म्हणाले, "हितंच थांब. ह्येनला सोडून आलोच."

मी "अप्पा!" म्हणून ओरडेपर्यंत तिघं गर्दीत दिसेनाशी झाली.

मी थांबले. कॉफीवाल्यानं बसायला पत्र्याचा डबा दिला. आधी मी मनातल्या मनात अप्पांशी भांडत होते. मग भांडण संपलं आणि भीती वाटायला लागली. तेव्हा आमच्याकडं मोबाइल नव्हते. उन्हं कलली, स्टँडवरची माणसं बदलली, तरी अप्पा नाहीत. मला रडावंसं वाटत होतं. पण आपण इथं रडलो तर आत्याचं म्हणणं खरं होईल, हा विचार आला आणि मी डब्यावरून उठले. कॉफीवाल्याला म्हटलं, माझे वडील आले तर त्यांना इथून हलू देऊ नका.

मी दवाखान्यापासून सुरुवात केली. कंडक्टरला विचारलं, मग एका कॉलेजच्या मुलीला, मग एका म्हाताऱ्या मुसलमान घड्याळजीला. माझी कानडी ऐकून सगळे हसले आणि सगळ्यांनी नीट सांगितलं. कुणी उठलं नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. सांगणं पुरेसं होतं. चालायला मला पाय होते.

म्हातारा-म्हातारी दवाखान्याच्या बाकावर सापडले. अप्पांनी त्यांना आधी दातांच्या, मग बाळंतिणींच्या दवाखान्यात नेऊन शेवटी इथं आणलं होतं. म्हातारी अप्पांना आशीर्वादावर आशीर्वाद देत होती. ते तर केव्हाच गेले म्हणे, पोरगी खोळंबली असेल म्हणून धावत समोरच्या बसमध्ये चढले.

समोरची बस मॅजेस्टिकला जातच नव्हती. स्टॉपवरच्या माणसानं मला तिच्या शेवटच्या गावाचं नाव सांगितलं. अप्पांना चूक कळली तरी ते मध्ये उतरणार नाहीत, याची मला खात्री होती. आणि कुणाला विचारणारही नाहीत. परीक्षा म्हणून ते उभ्या शहराला रस्ता विचारत, पण खरोखर हरवल्यावर विचारणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

शेवटच्या स्टॉपवर दिवे लागले होते. बसच्या कंट्रोलरच्या खोपटाबाहेर एका दगडावर अप्पा बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. आमच्या पेठेत ज्यांच्या हाकेला चार माणसं धावायची ते माझे वडील तिथं इतके बारके दिसले की मला त्यांच्याजवळ जायचं धाडस होईना. मी लांबूनच हाक मारली. त्यांनी मान वर केली, मला बघितलं, आणि टोपी नीट घातली.

"कशी आलीस?" त्यांनी विचारलं.

"विचारत."

"कोन आलतं संगट?"

"कुणी नाही, अप्पा."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्यांनी एक तिकीट रद्द केलं. मला काही सांगितलं नाही, खिडकीवरच्या माणसाला सांगितलं, "येकच मानूस जानार हाय." मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांचा हात माझ्या डोक्यावर जरा जास्त वेळ राहिला. हरवल्याची गोष्ट मी कुणाला सांगायची नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं. अव्वालासुद्धा नाही. अप्पांची अब्रू मी जपायला हवी होती.

दिवाळीला मी पहिल्यांदा घरी आले. रिक्षातून उतरते तोच कोपऱ्यावरचा न्हावी ओरडला, "काय गं, बापाला हुडकून आनलंस म्हनं!" पुढं दूधवाला हसला. किराणावाल्यानं तर मला दुकानात बोलवून विचारलं की अप्पा खरंच बाळंतिणींच्या दवाखान्यात शिरले होते का. मला काही समजेना. ही गोष्ट फुटली कशी?

भाऊबीजेला आत्या आली, घर माणसांनी भरलं, आणि अप्पांनी स्वतःच ती सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. त्यांच्या गोष्टीत ते तीन बसमध्ये चुकीचे चढले होते. त्यांच्या गोष्टीत ते कंट्रोलरच्या गळ्यात पडून रडले होते. मी आत स्वयंपाकघरात अव्वाला म्हटलं, "असं काही झालं नव्हतं गं. का असं स्वतःचं हसं करून घेतायत?"

अव्वा करंज्या तळत होती. "बंगळूरनं आल्यापासनं हेच चाललंय," ती म्हणाली. "पयलं तुझ्या आत्याच्याच घरला गेलतं. पिशवी बी खाली ठेवली न्हवती. म्हनलं, आक्का, मी हरवलतो आनि पोरीनं मला हुडकून आनलं, आता तिची काळजी कुनी करायची न्हाई. मग त्या काय बोलनार? त्या दिसापासनं गप हायत."

मी झारा हातात घेऊन तशीच उभी राहिले. ज्या माणसानं जन्मात कुणापुढं वाट माहीत नाही असं कबूल केलं नव्हतं, तो दुकानादुकानांत जाऊन आपलं हरवणं सांगत फिरत होता, वर तिखटमीठ लावत होता, कारण त्याशिवाय माझ्याबद्दलची तोंडं बंद होणार नव्हती. मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला, आणि त्यांच्यावर इतकी माया मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

बाहेर अप्पांचा आवाज चढला होता. "म्हनलं, संपलं आता. आता काय घरला जात न्हाई मी. कुनाला विचारावं तर त्वांडातनं शबूद फुटंना, न्हान पोरागत बसलोय दगडावर." माणसं हसत होती आणि त्यांच्यावर आत्याचं मोकळं खदखदा हसणं ऐकू येत होतं. "आनि मान वर करून बघतोय तर काय, पोरगी म्होरं उभी!"