उपाशी कोल्ह्याचं काळीज

मी गुरांचा डॉक्टर, पण कुडाळच्या रस्त्यावर गाडीखाली मेलेले दोन कोल्हे फाडायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. एक जत्रेच्या उष्ट्यावर पोसलेला, दुसरा नुसता हाडांचा सापळा. लठ्ठाचं यकृत टम्म, हडकुळ्याचं पार आक्रसलेलं. घरी जेवताना मी शुद्ध मराठीत शहाणपणा पाजळला, "उपाशी कोल्ह्याचं काळीज लहान होतं." मटणवाल्याकडे आम्ही यकृताला काळीजच म्हणतो. आईने मात्र त्याचा अर्थ दयामाया असा घेतला. न विचारता सुरमईची शेवटची तुकडी उचलणाऱ्या काकांकडे बघत ती म्हणाली, "खोटां बोलू नको, मेल्या. काळीज लहान होता तां पोट भरलेल्यांचां. इश्वास नसात तर तुझ्या काकाक फाडून बघ."