शिवणीत सोडलेली माया

आमचा मामा शिंपी. हयातभर दुसऱ्यांचे कोट शिवले, स्वतः मात्र कोपर फाटलेल्या स्वेटरात फिरला. असा माणूस एके दिवशी म्हणतो, परसातल्या विटांच्या खोलीची न्हाणी करणार! मी कपाळावर हात मारला. कधीकाळी कोळसा ठेवायची ती खोली. भिंतींना ओल, छताला फट. थंडीत तिथं मांजरसुद्धा बसायचं नाही.

पण कारण मामी होती. जिन्यावरून पडून तिच्या कंबरेचं हाड मोडलं होतं आणि ती इस्पितळात होती. न्हाणीघर वरच्या मजल्यावर, आणि जिना तिला आता कायमचा बंद. घरी आल्यावर अंघोळ घालायला बाई ठेवू, असं मीच सुचवलं. मामी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाकी काय वाट्टेल ते करा. दुसऱ्याच्या हातची अंघोळ मला नको."  मामानं घरी येऊन गळ्यात मापाची टेप अडकवली आणि थेट त्या खोलीत शिरला.

गवंड्याला त्यानं सगळं काम कोटाच्या भाषेत समजावलं. वीट म्हणजे वरचं कापड, ऊब धरणाऱ्या फोमच्या जाड पाट्या म्हणजे आतला भरणा, फरशी म्हणजे अस्तर. गवंडी हसून बेजार. पाट्यांमागे वाफ जाऊ नये म्हणून वरून प्लॅस्टिक लावायचं होतं, तर मामानं त्याचे तुकडे चक्क मशीनवर शिवून जोडले. दुहेरी टीप, सुरेख सरळ. फरशी बसवण्याआधी गरम पाणी सोडून पाहिलं, तर सुईच्या भोकाभोकातून वाफ आत शिरलेली आणि मागं सगळं ओलं. मामाचे कान लाल झाले. त्यानं टीप उसवली, सगळं वाळवलं आणि सांधे चिकटपट्टीनं जोडले.

मग दारावरून जुंपली. जुनी चौकट चांगली धडधाकट होती, पण मामाला भिंत फोडून दार रुंद हवं होतं. मामी काडीएवढी, तिला एवढं दार कशाला, असं गवंड्याचं म्हणणं, आणि मीही त्याचीच री ओढली.

"थोडी माया सोडतोय," मामा म्हणाला.

शिंप्याची माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. उद्या अंग बदललं तर कपडा सैल करता यावा म्हणून. मी म्हटलं, मामा, भिंत म्हणजे काय कोट आहे? त्यानं खडूनं भिंतीवर रुंद दाराची रेघ ओढली.

मामी काठी टेकत येईल असं डॉक्टर म्हणाले होते. ती आली चाकांच्या खुर्चीत. आमची तोंडं उतरली. परसातल्या बादलीत पाण्यावर बर्फ धरला होता. खुर्ची दाराशी आली आणि मी चौकटीकडे पाहिलं. खुर्ची आत गेली. चाकांवरची तिची बोटंसुद्धा चौकटीला घासली नाहीत. आतून अशी ऊब आली की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मोठमोठी घरं पाहिलीत मी, पण त्या खोलीपुढे हात जोडावेसे वाटले.

मामीनं स्वतःच खुर्ची वळवली, दार लोटलं आणि आतून कडी लावली. पाण्याचा आवाज सुरू झाला. मामा बाहेर, त्याच फाटक्या स्वेटरात, भिंतीला हात लावून उभा.

"अहो," आतून मामी म्हणाली, "थंडीत उभे राहू नका. मला वेळ लागेल."