नावाची जकात

आमचे हे जकात नाक्यावर कारकून. अडवायची सवय अशी अंगात मुरलेली की जिंतूरच्या डोंगरातल्या जुन्या किल्ल्यावर गेलं तरी सुटायची नाही. खालच्या खिंडीतून पूर्वी मिठाचे, कापसाचे बैलांचे तांडे जायचे आणि किल्ल्यावरचे शिपाई त्यांच्याकडून जकात घ्यायचे, हे कळल्यापासून तर यांना तो किल्ला म्हणजे आपलाच नाका वाटायचा. दरवर्षी दिवाळी झाली की आम्ही दोघं जायचो. हे तरातरा पुढं चढायचे आणि दरवाजात हात आडवा लावून उभे राहायचे.

"नाव घेतल्याबिगर आत सोडत न्हाई. जकात हाय."

मी शाळेत शिकवणारी बाई, पण नवऱ्याचं नाव घेणाऱ्यातली नव्हे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. म्हणायची, वाह्यातपणा पुरे, गुडघे दुखायलेत. मग हात खाली घेऊन म्हणायचे, "बरं, पुढच्या खेपेला."

ते गेले, आणि गंमत बघा, सगळ्यांनी मला त्यांचं नावच घ्यायला लावलं. बँकेत, पेन्शनच्या खिडकीवर, गॅसवाल्याकडं. दर वेळी आधी 'कैलासवासी' लावून. जन्मभर जपलेलं नाव अनोळखी लोकांना वाटत सुटले. अस्सा संताप यायचा.

यंदा दिवाळीनंतर एकटीच निघाले. पुण्याचा मुलगा फोनवर ओरडला, या वयात एकटी कशाला जातेस. म्हटलं, मग घरात बसून भिंतींशी बोलू का? येष्टीनं जिंतूर, पुढं रिक्षा. रिक्षावाल्याला खालीच थांबवलं. चढताना सवयीनं दोनदा म्हणाले, जरा हळू चला. पुढं कोणीच नव्हतं. लय एकटं वाटलं. डबासुद्धा दोघांचा भरला गेला होता.

दरवाजात कोणी अडवलं नाही. खरं सांगते, आत पाऊलच टाकवेना. अडवणारंच कोणी नाही तर आत जायचं तरी कशाला?

आजूबाजूला बघितलं. एक बकरी चरायली होती, तिची काय लाज? पदर डोक्यावर घेतला आणि नाव घेतलं. उखाणा नाही, कैलासवासी नाही. नुसतं नाव, हाक मारल्यासारखं, मोठ्यानं.

मग तिथंच बाहेर उभी राहिले, बराच वेळ.

"घेतलं ना? आता सोडा की आत," म्हटलं. "गुडघे दुखायलेत."