मास्तरांची तिसरी बाही

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. अंगाने काटकुळे, आवाज मात्र खणखणीत. टेप गळ्यात, आणि जेवायला बसले तरी गळ्यातच. दुकान म्हणजे एकच खोली. दाराशी पायाचं मशीन, मध्ये कापायचं टेबल, आणि मशीनसमोर एक बुटकी खुर्ची. त्या खुर्चीवर मास्तरांची बायको बसते. ती गल्लीची मावशी. काजं, बटणं, हातशिलाई सगळं तिच्याकडे.

तीसेक वर्षं दोघं समोरासमोर बसून भांडत आली आहेत. मशीन सुरू झालं की भांडण बंद. मशीन थांबलं की जिथं राहिलं तिथनं पुढे, एक टाका न चुकता.

अलीकडे संध्याकाळी वीज जायला लागली, तीही नेमकी गिऱ्हाइकांच्या वेळेला. मशीनचं काही अडत नव्हतं, पण सुईच्या नेढ्याला उजेड लागतो. मेणबत्ती लावून काम करताना मावशीने एका भारी कोटाची काजं भलत्याच बाजूला पाडली. गिऱ्हाईक फारसं बोललं नाही. तेच तिला जास्त लागलं.

"या महिन्याअखेर मी थांबते," तिने सुयांची डबी मिटली. "घरी बसेन. डोळ्यांचं काही खरं नाही आता."

"थांब की. कुणी धरून ठेवलंय?" मास्तर म्हणाले, आणि त्याच दिवशी त्यांनी एका शर्टाचा खिसा चारी बाजूंनी शिवून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भंगारवाल्याकडे गेले. फोनवर त्यांनी कुणाला तरी सांडपाण्याच्या पाइपची पवनचक्की करताना पाहिलं होतं. दुकानावरच्या गच्चीत वारा असा, की दोन-दोन चिमटे लावूनही सदरा शेजारच्या गल्लीत सापडायचा.

"मास्तर, पाइपचं काय शिवताय? विजार?" भंगारवाल्याने विचारलं.

"वाऱ्याला सदरा शिवतोय. माप घेऊन ठेव तू."

भंगारवाल्याने जाड पाइपाचा तुकडा दिला, एक जुनी मोटर दिली आणि स्कूटरची बॅटरी दिली. मोटर बाहेरून फिरवली की तीच वीज देते, हेही समजावलं. वर म्हणाला, "या वयात मावशींना वाऱ्यावर सोडू नका म्हणजे झालं!"

पाइप कापायच्या टेबलावर चढला. मास्तरांनी कागदाचा खाका काढला, खांद्याशी रुंद आणि मनगटाशी निमुळता. तो पाइपवर धरून खडूने रेघ मारली आणि करवत चालवली. मग पॉलिशपेपर घेऊन बसले. वाऱ्याला तोंड देणारी कड गोल केली, मागची पातळ. पांढरा भुगा दुकानभर झाला.

"पँटींवर पीठ कुठलं म्हणून विचारतायत लोक," मावशी म्हणाली. "कशाला हा उद्योग?"

"मशीनला दिवा नको?"

"पायाच्या मशीनला?"

मास्तरांनी पॉलिशपेपर आणखी जोरात घासायला घेतला.

तीन पाती लाकडाच्या चकतीवर बसली, चकती मोटरवर, आणि मोटर गच्चीतल्या खांबावर. वारा आला. पाती थरथरली, अर्धा फेरा गेली, परत आली. खांब हिव भरल्यासारखा हलू लागला. मास्तरांनी नट आवळले, मोटरला तेल पाजलं, खांबाला तारा बांधल्या. घोडं कुठं पेंड खातंय ते काही कळेना. महिना संपत आला.

शेवटच्या दिवशी दुपारी मावशी वाळलेले कपडे काढायला वर आली. कपडे खांद्यावर टाकून बराच वेळ त्या थरथरणाऱ्या पात्यांकडे बघत राहिली.

"अहो, खाली घ्या ती."

टेबलावर तिन्ही पाती पालथी मांडल्यावर तिने प्रत्येकावर बोट ठेवलं. "डावी. उजवी. परत डावी. बाह्या कापल्यात तुम्ही!"

मास्तरांनी तिन्ही पाती उलटसुलट करून पाहिली. जन्मभराची सवय होती. एक बाही कापली की हात आपोआप खाका उलटतो आणि दुसरी कापतो. तीन हातांचं गिऱ्हाईक कधी आलंच नव्हतं.

"हा वरचा पंखा बघा. तिन्ही पात्यांना एकच कल आहे. तुमच्या दोन बाह्या एकीकडे ओढतात, तिसरी दुसरीकडे. मग फिरणार कसं? जित्याची खोड म्हणतात ती हीच!"

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने पुसत म्हणाली, "आणि हे भर उजेडात! म्हणजे चुकायला अंधारच लागतो असं नाही."

"नाही ना," मास्तर हळूच म्हणाले. "मग चुकलो म्हणून मी कुठं थांबतोय?"

मास्तरांनी उरलेल्या पाइपवर खाका ठेवला, तसा तिने त्यावर तळवा दाबून धरला. "हं, कापा आता. उलटू द्यायची नाही मी."

नवं पातं बसलं. पहिल्याच झुळकीला चकती वळली, आणि मग पाती दिसेनाशीच झाली. खाली भंगारवाला टाळ्या पिटत होता. संध्याकाळी वीज गेली, तेव्हा मास्तर बॅटरीला जोडलेला एक लहानसा बल्ब हातात धरून दुकानात उभे होते.

"थांबायचं तर थांब. पण हा कुठं टांगू ते सांगून जा."

"डाव्या खांद्यावरनं. उजवीकडे लावला तर माझ्याच हाताची सावली पडते."

"म्हणजे नक्की कुठं? बसून दाखव की."

मावशी खुर्चीवर बसली. दिवा लागला. ती त्यांना थोडं वर म्हणाली, थोडं मागे म्हणाली, आणि उजेड पुरतो का बघायला म्हणून सुई काढली. दोरा पहिल्याच खेपेला नेढ्यातून गेला. तिने हात पुढे केला.

"द्या तो शर्ट. आणि तो खिसा शिवलाय चारी बाजूंनी, तो मीच उसवू का?"

मास्तरांनी घाईघाईने मशीन सुरू केलं. ती उलटी बाही आता दुकानाच्या दाराशी टांगलेली असते. मशीन थांबलं, की भांडण त्या बाहीपासूनच सुरू होतं.